शीर काही सापडेना!

लॅब टेक्निशियनच्या कोर्सला रक्त काढायला शिकवतात. पण पेशंटचं नंतर, आधी एकमेकांचं! त्यामुळे नगरला शिकायला आलेल्या आम्हा पोरांच्या हातांवर डाग आणि डोक्यात किस्से, दोन्ही भराभर साठत गेले.

*

वर्गात सगळ्यात जास्त भाव पारनेरच्या संगीताला. कारण तिची शीर! पट्टा बांधायचा अवकाश, टम्म वर यायची. प्रॅक्टिकल जवळ आलं तसा जो तो तिला चहा पाजू लागला. शेवटी तिनं जाहीर केलं, "डावा हात बंद झालाय. उजव्यासाठी नंबर लावा!"

*

आणि एक आमचा घोडेगावचा रावसाहेब. वडील बैलांचे व्यापारी. सुई हातात आली की हा गडी थरथर कापायचा. गेल्या प्रॅक्टिकलला त्यातच नापास झालेला. यंदाही शीर हुकली तर शिक्षण बंद, असं वडिलांनी बजावलेलं.

साळवे मॅडम धीर द्यायच्या, "अरे, तू कशाला घाबरतोस? दुखणार समोरच्याला आहे!"

*

एकदा मॅडमनी स्वतःचाच हात पुढे केला. रावसाहेबानं दोनदा टोचलं. थेंब नाही!

"मॅडम, तुमच्यात रक्तच न्हाई."

"तुमच्या बॅचला शिकवून शिल्लक राहील कुठून?"

*

मग एकदा रावसाहेबाचे वडील त्याला भेटायला आले. लेकाचं रडगाणं ऐकून म्हणाले, "आरं, जनावर बुजलं तर आदी थोपटतूस ना? मग मानसाला का न्हाई?"

आम्ही पोटभर हसलो. रावसाहेब मात्र हसला नाही.

*

प्रॅक्टिकलचा दिवस. बाहेरून आलेले परीक्षक भलतेच कडक. रावसाहेबाच्या आधीच्या दोघांना त्यांनी उभ्या उभ्या नापास केलेलं. तोवर संगीताचे दोन्ही हात बंद पडले होते, आणि बाकी कुणी रावसाहेबापुढे हात धरायला तयार होईना.

"माझं काढ!" परीक्षकांनी बाही वर केली. संपलं बिचाऱ्याचं!

रावसाहेबानं पट्टा बांधला. मग डोळे मिटून एक श्वास घेतला आणि सरांच्या खांद्यापासून खाली हात फिरवत थोपटू लागला. "होऽ होऽ... बास राजा... काय न्हाई हुत..."

मॅडमनी कपाळाला हात लावला.

सुई आत गेली. नळी लालभडक भरली. रावसाहेबानं सुई काढली, कापूस दाबला आणि विचारलं, "सर... पास का?"

"पास," परीक्षक म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. हातही तसाच पुढे.

"पण जरा अजून थोपट."