फळ्यावरचे नऊ

माझं अक्षर सुंदर आहे. हे मी नम्रपणे वगैरे सांगणार नाही, कारण अख्ख्या कोडोलीला ते माहीत होतं. आमच्या गल्लीतल्या तालमीबाहेर एक काळा फळा होता. कुस्तीत कोण जिंकलं, कुणाची पोरगी मॅट्रिक झाली, कोण वारलं, सगळं त्या फळ्यावर. आणि लिहायला मी. शाळेत मी चौथीला शिकवायची, वर्ग सुटला की खडू घेऊन तशीच तालमीकडे वळायची. बाईमाणसानं तालमीच्या दारात उभं राहणं तेव्हा कुणाला रुचत नसे, पण माझ्यासारखी वेलांटी गावात दुसऱ्या कुणाला जमत नव्हती, त्यामुळे सगळे गप्प.

एकाहत्तरच्या लढाईनंतर आमचे हे सुट्टीवर येणार असल्याचं पत्र आलं, आणि गावानं सत्कार ठरवला. हे पलटणीत नाईक होते, दहाएक जणांची तुकडी यांच्या हाताखाली. त्याच तुकडीत आमच्या गल्लीतला, यांचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्या मांडीत गोळी घुसली, पाय काढावा लागला आणि तो यांच्या आधीच घरी परतला होता. आल्यापासून कुणाशी बोलत नव्हता. मी दोनदा कालवण घेऊन गेले, दोन्ही वेळा त्याच्या आईनं भांडं दारातच घेतलं आणि आत या म्हणाली नाही. काहीतरी बिनसलंय हे कळत होतं. यांच्यामुळे बिनसलंय हेही कळत होतं. पुढचं काही कळत नव्हतं, आणि विचारायचा धीर होत नव्हता.

सत्काराच्या दिवशी तालमीच्या वस्तादांनी मजकूर सांगितला, शत्रूचे नऊ जवान लोळवणाऱ्या वीराचं स्वागत. नऊ कुठून आले? वस्तादांनी पोस्टमनकडून ऐकलेले, पोस्टमननं आणखी कुणाकडून. उत्तराचा पडताळा घ्या म्हणून वर्गात पट्टी आपटणारी मी, त्या दिवशी खुशाल लिहून मोकळी झाले. नवऱ्याचं कौतुक कुणाला नको असतं? नऊचा आकडा तर गुलाबी खडूनं काढला आणि त्याला पिवळी सावली दिली.

यांना वाजतगाजत तालमीपाशी आणलं. यांनी फळा वाचला आणि हलगीवाल्याला हातानं थांबवलं.

"ह्ये तू लिवलंस?" मला विचारलं.

मी मान डोलावली.

"पूस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या महिन्यांनी भेटलेला नवरा चारचौघांत पहिल्याच बोलण्यात काय सांगतो, तर पूस. रागारागानं मी नऊवरून हात फिरवला.

यांना भाषण येत नाही. पण त्या दिवशी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. एका गावाबाहेर बांधाआड यांची तुकडी दबा धरून होती. शत्रूच्या बाजूनंच एक माणूस आला. खांद्यावर तीन पायांचं लोखंडी काहीतरी, लांबून मशीनगनच वाटावी असं. त्यानं ते उतरवलं आणि यांच्याकडे तोंड करून मांडलं. तुकडीच्या बंदुका रोखलेल्या. पण त्याच्या मागे, त्याचा सदरा धरून एक म्हातारी उभी होती, तिच्यामागे बायापोरं. यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. तो माणूस पेपरचा फोटोवाला निघाला, पळून येणाऱ्यांच्या सोबतीनं चालत आलेला, आणि ते लोखंडी म्हणजे त्याच्या कॅमेऱ्याचं स्टँड. हे बांधावर चढले आणि हाका मारून त्या सगळ्यांना अलीकडे घेतलं. तेवढ्या वेळात पलीकडच्या झाडीतून गोळ्या आल्या. त्यातली एक दोस्ताला लागली.

"लढाईत गोळ्या झाडल्या, त्या वर्दीवाल्यांवर. किती पडले मला ठावं न्हाय," हे म्हणाले. "सात माणसं जित्ती आणली, तेवढं मोजून सांगतो. आन् त्यापायी माझ्या दोस्ताचा पाय गेला, ते बी लिवा."

मग मागून कुजबुज सुरू झाली, फोटोवाल्यासाठी आपल्या पोराचा पाय घालवला म्हणून. वस्तादांच्या हातात फेटा होता, तो हातातच राहिला.

"आन् त्यो हेर असता तर?" त्यांनी विचारलं.

"तर मी मेलो असतो, वस्ताद. वर्दी माझ्या अंगावर हाय. मरायची बोली माझी हाय, त्या म्हातारीची न्हाय."

कुणी पुढे होईना. तेवढ्यात तीन घरं सोडून कुबड्यांचा आवाज आला. दोस्त येत होता, मागे त्याची आई. लोकांनी वाट दिली. आता तो जे बोलेल ते जन्मभराचं होतं.

"पाय माझा गेलाय, तवा बोलनार मी," तो गावाला म्हणाला. "ह्येनं हात वर केला तवा माझं बोट घोड्यावर होतं. म्हातारी माझ्याच नेमात होती. घरात ह्ये कुनाला सांगायचं धाडस झालं न्हाय. पायाचं दुखनं सोसतोय की मी. तिला मारली असती तर ते सोसलं नसतं."

पुढे ऐंशी सालानंतर पेपरात कुठल्याशा लढाईत बातमीदार मारल्याची बातमी होती. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, लढाईत असं चालायचंच. मी चहा खाली ठेवला आणि ही सगळी हकिगत त्यांना ऐकवली. चालायचंच नाही. हात वर करता येतो, माझ्या नवऱ्यानं केला होता. हे मी अभिमानानं सांगितलं आणि पुन्हा सांगेन.

त्या दिवशी एवढं बोलून दोस्त तालमीच्या पायरीवर बसला. हे त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. दोस्तानं वस्तादांकडून फेटा मागून घेतला. फेटा बांधताना कापडाचं दुसरं टोक कुणीतरी ताणून धरावं लागतं. ते त्याच्या आईनं धरलं, आणि शेवटचा पेच बसेपर्यंत सोडलं नाही.

मग वस्तादांनी खडू माझ्यापुढे केला. नऊच्या जागी मी सात लिहिलं, शत्रूचे जवान पुसून माणसं, लोळवणाऱ्या पुसून वाचवणाऱ्या आणि वीराचं पुसून वीरांचं केलं, साधा पांढरा खडू, सावली नाही. खाली दोन नावं, आधी दोस्ताचं, त्यापुढे पाय गेल्याचं, मग यांचं. यांनी वर मान करून सगळं वाचलं. या वेळी पूस म्हणाले नाहीत.