चार वह्या आणि एक पंजा

ऐका हो ऐका! मानवजातीला कष्टातून सोडवणारं एक यंत्र आर्णीच्या बाजारपेठेत गेली सहा वर्षं जन्माला येऊ घातलं आहे. त्याचे जनक मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसतात, आणि मी त्यांचा एकुलता एक प्रेक्षक.

हा जनक म्हणजे माझा मित्र. त्याला कापूस वेचणारा रोबो करायचाय, कारण बोंडांच्या वाळक्या टोकांनी त्याच्या बायकोची, आमच्या वहिनींची, बोटं फाटतात. पण गडी पान्याआधी मोबाइल उचलतो. "आंधी पाहू, कोनी केलं काय. केलं असन त आपन कायले डोकं फोडाव?" कुणीतरी केलेलं असतंच. मग ते का फसलं, हे तो वहीत लिहितो. हा पंजा कापसासोबत पालाही ओढतो, त्या कॅमेऱ्याला धुळीत दिसत नाही. अशा चार वह्या भरल्या. स्क्रू मात्र एकही पिळला नाही. मी हसायचो.

यंदा पहिल्या वेचणीला त्याने मलाही शेतात नेलं. दहीभाताचा नैवेद्य झाला आणि वहिनी वेचायला लागल्या. तो वही घेऊन त्यांच्या हातांवर वाकला. पाल्याचा कणही न लागता कापूस अलगद निघत होता. बोटांना गुंडाळलेल्या चिंध्या मात्र रक्ताने लाल झाल्या होत्या.

वहिनी म्हणाल्या, "झालं का तुमचं पाहून, का अजून पाहूनच राह्यले?"

त्याने वही मिटली आणि सगळ्या शेताला ऐकू जाईल असा ओरडला, "झालं वं पाहून! तुया बोटासारखा पार्ट जगात कोठीच नाई!"