वजन वाढलं की मशीन बिघडलं?

जळगाव स्टेशनवर वजनाच्या मशीनसमोर एक अनोळखी माणूस चपला काढून उभा होता. टोपी, किल्ल्या, तंबाखूची डबी, सगळं त्यानं बिनदिक्कत माझ्या हातात दिलं. मशीनमधून तिकीट पडलं आणि ते बघून तो गोंधळला. टीबीच्या आजारात त्याचं वजन सारखं उतरत होतं म्हणे.

"भाऊ, मन्हं वजन वाढनं, का मशीन बिघडनं?"

मला हसूच आलं. कॉलेजात मी नुकतंच हेच शिकवून आलो होतो. आकाशगंगेच्या कडेचे तारे हिशेबापेक्षा जोरात फिरतात. मग तिथं न दिसणारं काही वजन आहे, की आपला गुरुत्वाकर्षणाचा नियमच चुकतोय? मोठमोठे लोक यावर भांडतात आणि पोरं मला विचारतात, "सर, नक्की काय?"

"तुम्ही चढा बरं," तो म्हणाला.

माझं वजन वर्षानुवर्षं हललेलं नाही. त्याच्या वस्तू त्याला परत देऊन मी चढलो. तिकिटावर तोच जुना आकडा.

"म्हनजे मशीन बरोबर शे!" म्हणत तो फलाटावरच खाली बसला.

आकाशगंगेला असा वजन ठाऊक असलेला शेजारी मिळेल तेव्हा मिळो. त्यानं स्वतःचं तिकीट टोपीत नीट ठेवलं, टोपी दोन्ही हातांनी डोक्यावर बसवली.

"आते घर सांगसू, वजन वाढनं."