अर्धी पोळी

“बेन, तमे खाईने जाडां नथी थयां.” डॉक्टर माझ्याशी गुजरातीत बोलत होते, पण मी बघत होते आईकडे. मी खाऊन जाड झालेली नाही, हे पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं. आई सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिली.

अकोट्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच. मी शाळेत गणित शिकवायचे. दमा मला लहानपणापासून. वाडीतल्या एका वैद्यांच्या रोजच्या पुड्यांनी तो जादू व्हावी तसा बसला. मग चेहरा गोल होत गेला, पोट सुटलं, मानेमागे चरबीचा गोळा आला. हातपाय मात्र काडीसारखे. भूक तर अशी, की शाळेतून येताना रस्त्यात उभी राहून भजी खायचे आणि पदराने तोंड पुसून घरी यायचे. पुढे रक्तात साखरही निघाली. हळदीकुंकवाला बायका म्हणायच्या, आईच्या हातचं अंगी लागलंय. आई हसायची नाही. तिने फरसाणाचा डबा कपाटात कोंडला, किल्ली कमरेला खोचली आणि रात्री मला अर्धीच पोळी वाढायला लागली. मला भयंकर राग यायचा, आणि स्वतःची लाजही वाटायची.

त्या वर्षी तिने मला नवरात्राचे उपास धरायला लावले. वजन उतरेल आणि पुण्यही लागेल. पुडीत एखादं पीठबीठ असलं तर उपास मोडेल, म्हणून पुडीही बंद केली. दोघींनाही हे मोठं शहाणपणाचं वाटलं. दोन-तीन दिवसांत उलट्या सुरू झाल्या. आम्ही म्हटलं, साबुदाणा बाधला. मग खंडेराव मार्केटमध्ये रताळी निवडता निवडता डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि शुद्धीवर आले ती हॉस्पिटलात.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. मूत्रपिंडांवर ‘अ‍ॅड्रिनल’ नावाच्या दोन ग्रंथी असतात. त्या ‘कॉर्टिसॉल’ बनवतात. हे हॉर्मोन, म्हणजे रक्तातून धाडलेला निरोप. आजारात, ताणात तेच आपल्याला उभं ठेवतं. पुडीत ‘स्टेरॉइड’ होतं, म्हणजे त्याचाच बाहेरून आणलेला भाऊ. ते जास्त झालं की भूक खवळते, चरबी पोटावर-मानेवर साचते, साखर चढते. बाहेरून आयतं मिळतंय म्हटल्यावर आपल्या ग्रंथी झोपी जातात. पुडी एकदम थांबली, आतून काही येईना, आणि मी कोसळले.

म्हणून सांगते, आत काय आहे हे माहीत नसलेलं औषध घेऊ नका. घेत असाल, तर आपल्या मनाने एकदम सोडूही नका. डॉक्टरांना ती पुडी दाखवा.

घरी आल्या दिवशी आईने ताटात अख्खी पोळी वाढली, तूप लावून. “खा,” म्हणाली, “मी तुला उपाशी ठेवलं गं.” बाबा गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. पण साखर आता मुक्कामालाच आली होती, आणि हॉस्पिटलातल्या आहारवाल्या बाईंनी रात्री अर्धीच पोळी सांगितली होती.

नंतर त्या ग्रंथी जाग्या झाल्या का ते बघायला कितीतरी सकाळी रक्त द्यायला गेलो. ते तपासायला मुंबईला जायचं. निकालाच्या दिवशी आम्ही दोघी बाकावर वाट बघत बसायचो. दर खेपेला डॉक्टर म्हणायचे, “हजु ऊंघे छे.” अजून झोपल्यात. आता त्या उठतील असं तेही म्हणत नाहीत. कॉर्टिसॉलच्या जागी डॉक्टरांनी मोजून दिलेली गोळी आता जन्माची आहे. जीव वाचवला, याबद्दल त्यांचे उपकार मानते.

आई आजही रोज अख्खीच वाढते. मी अर्धी मोडून तिच्या ताटात ठेवते, आणि ती खाली मान घालून खाते.