भंडारा लाल होईना

माझे वडील घोडेगावच्या बाजारातले बैलांचे व्यापारी. सुट्टीत मी त्यांच्या मागे मागे हिंडायची. शिंगं रंगवलेला, अंगाला तेल चोपडलेला बैल दिसला की ते आधी त्याचं तोंड उघडून दात बघत, खुरं बघत, मग त्याला चालवून बघत. बैलवाला शेजारी उभा राहून पोराबाळांच्या शपथा खात असे. तिकडे ते ढुंकूनही पाहत नसत. मला म्हणत, "नजर मालावर ठेवायची पोरी. मानसाच्या तोंडाकडं गेली की फसलीस."

त्यांचा धंदा त्यांच्याबरोबर गेला, संशय मात्र माझ्याकडे वारशाने आला. लग्न होऊन पारनेरला आले तरी तो सुटला नाही. दुधाचा थेंब नखावर धरून बघितल्याशिवाय मी दूधवाल्यापुढे पातेलं करत नाही. तूरडाळ ओल्या बोटांनी चोळून बघते. पाकिटातली हळद तर आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. हळकुंडं आणायची, वाळवायची आणि कांडपवाल्यापुढे उभं राहून दळून घ्यायची, हा माझा नेम. नवरा म्हणतो, "तुला न्यायला यम आला तर तू आधी त्याच्या रेड्याचे दात बघशील." मी म्हणते, बघेन. का बघू नये?

तर मागच्या वर्षी हिवाळ्यातली एक सकाळ. नवरा पहिल्या पाळीला सुप्याच्या एमआयडीसीत गेलेला. मी भाकरी थापत होते आणि सातवीतली लेक वेणी घालता घालता म्हणाली, "आई, आज विज्ञानाचा प्रकल्प द्यायचाय."

"कधी सांगितला होता?"

"मागच्या आठवड्यात. बहुतेक."

'बहुतेक' या शब्दावर मी कधीच भरवसा ठेवला नाही. पण आत्ता चौकशीला वेळ नव्हता, शाळा अकराची होती. प्रकल्प तसा पोरखेळच होता. हळद पाण्यात कालवायची, कागदाच्या पट्ट्यांना लावून वाळवायची. मग एकेका पट्टीवर लिंबाचा रस, साबणाचं पाणी, चुन्याची निवळी टाकायची. आम्ल असेल तर पट्टी पिवळीच राहते, आम्लारी असेल तर लाल होते. मला हे शाळेने शिकवण्याची गरज नव्हती. हळदी समारंभातली साडी साबणाच्या पाण्यात टाकली की काय होतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा.

पण घरात हळद नव्हती. डबा कालच रिकामा होऊन मोरीत धुऊन पालथा पडला होता आणि नवी हळकुंडं अजून गच्चीवर वाळत होती. शेजारणीकडे पाकिटातली मिळाली असती, पण 'असली हळद खाता तरी कशी' असं आठच दिवसांपूर्वी मीच तिला ऐकवलं होतं. आता वाटी घेऊन कुठल्या तोंडाने जाणार?

"देव्हाऱ्यातला भंडारा घेऊ?" लेक म्हणाली. "तीपण हळदच ना?"

खंडोबाचा भंडारा म्हणजे हळद, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी देवाला हात जोडले आणि भंडाऱ्याचा डबा खाली काढला.

हा भंडारा आक्कांकडून आलेला. आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सासू लवकर गेल्यामुळे नवऱ्याला त्यांनीच अंगाखांद्यावर वाढवलं. आक्का आणि त्यांचे मालक जत्रेजत्रेला पाल टाकतात. नारळ, खोबरं, भंडारा, कुंकू विकतात. चंपाषष्ठीच्या आधी त्या एकदा आमच्याकडे येणार म्हणजे येणार. येताना तळी भरायला भंडारा आणणार. एक मोठी थैली आणि एक लहानशी पुरचुंडी, पांढऱ्या फडक्यात बांधलेली. पैसे घेणार नाहीत, साडी नेसवायला गेलं तर हात धरणार. दोन घास खाऊन, भाचीला कुरवाळून संध्याकाळच्या एसटीने परत.

आता खोटं कशाला बोलू, हे फुकटचं देणं माझ्या मनाला कधी पटलं नाही. दुकानदार बाई, वर्षभर पै-पैशाला घासाघीस करणारी, ती आमच्याकडेच एवढी उदार कशी? न खपलेला माल असणार. पुरचुंडीतली हळद तर मळकट, तपकिरीकडे झुकलेली, मागच्या सालची वाटायची. थैलीतली मात्र बघत राहावी अशी पिवळीधमक. म्हणून मी दरवर्षी थैलीतली देव्हाऱ्यात भरायची आणि पुरचुंडीतली संपेपर्यंत भाजीत घालून टाकायची. देवाला चांगलं ते द्यावं, एवढा साधा विचार. द्यायच्या वेळी आक्का काहीबाही सांगायच्याही, पण विकणाऱ्याचं बोलणं मी या कानाने ऐकून त्या कानाने सोडते.

आम्ही कामाला लागलो. भंडारा कालवला, पट्ट्यांना फासला. वाळायला वेळ नव्हता, म्हणून वर्तमानपत्रात घालून इस्त्री फिरवली. पट्ट्या अशा झळझळीत झाल्या की लेक नाचायलाच लागली. लिंबू पिळलं. पिवळी ती पिवळीच, बरोबर. मग साबणाचं पाणी टाकलं.

पट्टी पिवळीच राहिली.

मी साबणावर संशय घेतला. दुसरी वडी किसली. पिवळी. मग इस्त्रीवर घेतला; जास्त तापून हळद करपली असेल, म्हणून न वाळवलेली पट्टी बुडवली. पिवळी. मग कागदावर. शेवटी पानाच्या डब्यातला चुना थेट भंडाऱ्यात कालवला. चुना आणि हळद एकत्र आली की कुंकवासारखा रंग यायलाच हवा. वाटीत पिवळट चिखल झाला, बाकी काही नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही हळदच नव्हती. रंगवलेलं पीठ होतं.

आणि मला आनंद झाला. राग नंतर आला, आधी आनंद झाला, हे मला स्पष्ट आठवतं. इतकी वर्षं नुसतं मनात होतं, आता वाटीत दिसत होतं. चोर पकडल्यावर होतो तसा तो आनंद होता. मग नजर लेकीच्या कपाळाकडे गेली. रोज शाळेत जाताना ती भंडारा लावते आणि उरलेली चिमूट जिभेवर टाकते. तिच्या आत्यानेच लहानपणी लावलेली सवय. म्हणजे माझी पोर रोज रंग खात होती. मग मात्र माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"बघितलंस तुझ्या आत्याचं देणं?" मी म्हणाले.

"आत्या असं करणार नाही."

"मग हे काय आहे?"

"मला नाही माहीत. पण आत्या नाही करणार." ती पट्ट्या बाजूला सारून बसली. प्रकल्प नको, शाळाच नको म्हणाली. डोळे भरून आले होते. तिची आत्या तिच्यासाठी काय आहे हे मला माहीत होतं. जत्रेतली प्रत्येक बांगडी, प्रत्येक शिट्टी तिने जपून ठेवली आहे. आज या वाटीमुळे तिची आत्या तिच्याकडून काढून घेतली जाणार होती आणि मी ती काढून घ्यायला निघालेच होते.

मी वाटी घासायला मोरीत नेली. तिने माझा मोबाईल उचलून मागच्या दाराशी नेला. काय करायचंय ते मला कळलं. मी भांड्यांच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाले, "विचार, विचार! म्हणावं, पीठ रंगवून देवाच्या नावावर विकता, ते विका. पण भावाच्या घरातपण तेच खपवता? देवाला नाही सोडलं, पोरीला तरी सोडायचं!"

मागून आवाज आला नाही म्हणून वळले. लेक दारात उभी होती. हातात फोन, स्पीकर चालू, आणि कधीचा लागलेला.

"ऐकलं मी," आक्कांचा आवाज आला. मागे जत्रेतले भोंगे वाजत होते. "काय झालंय बाळा? तू सांग."

लेकीने हुंदके देत सगळं सांगितलं. मग आक्कांनी विचारलं, "कंचा लाल होईना? थैलीतला का फडक्यातला?"

"थैलीतला."

"आगं, त्यो कसा व्हईल? त्यो उधळायचा भंडारा हाय. त्यात हळद न्हाईच, पीठ आन् रंग. जत्रंत पोत्यानं उडतो, तेवढी हळद कुठनं आनायची? गिऱ्हाइकालाबी मी सांगूनच देते, तोंडात घालू नका म्हून. देवाची हळद फडक्यातली. ती माज्या हातानं हळकुंडं निवडून दळलेली आसती. दरसाल सांगते की तुज्या आईला, थैली उधळायला आन् पुरचुंडी देवाला."

सांगायच्या. खरंच सांगायच्या. दर वर्षी, उंबऱ्यात उभं राहून. बैलवाल्याच्या शपथा ऐकाव्यात तसं मी ते ऐकलं होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले, माल काही बघितला नाही. रंगवलेली शिंगं बघून बैल देव्हाऱ्यात नेऊन बांधला, आणि तोही व्यापाऱ्याच्या लेकीने.

"फडकं कुठंय पुरचुंडीचं?" आक्कांनी विचारलं.

आतली हळद कधीच भाजीत संपली होती, पण फडकं गॅसच्या टाकीवर होतं. ओटा पुसायला मीच काढलं होतं. अजून कोरंच होतं, मधे हळदीचा मळकट पिवळा डाग. लेकीने त्याचं एक टोक साबणाच्या पाण्यात बुडवलं. बघता बघता ते लाल झालं, विटेसारखं.

"झालं, आत्या! लाल झालं!" ती ओरडली.

"व्हनारच," आक्का म्हणाल्या. मग विचारलं, "पोरी, तू त्यो थैलीतला तोंडात न्हाई ना घातला कदी?"

मी लेकीकडे बघून मान हलवली, नाही म्हण. पण ती माझी मुलगी असली तरी भाची आक्कांची आहे. "रोज घालते," ती म्हणाली.

मला वाटलं, आता आक्का मला सोडणार नाहीत. मी मनातल्या मनात वाटही बघत होते, कारण त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर फिटंफाट झाली असती. पण त्या एवढंच म्हणाल्या, "आईला म्हनावं, देव्हारा पुसून घे. आन् तुला एकदा दवाखान्यात दाखव. ठेवते बाळा, गिऱ्हाईक हाय."

प्रकल्प झटपट झाला. फडक्याचा कोरडा पिवळा भाग आम्ही कात्रीने कापला, त्याच्याच पट्ट्या केल्या, कागद आणि इस्त्री दोन्ही वाचलं. लिंबाची पिवळी, साबणाची लाल, चुन्याची त्याहून लाल. खाली लेकीने भंडाऱ्याची न बदललेली पट्टीपण चिकटवली आणि लिहिलं, 'ही हळद नाही.' बाईंना ती पट्टीच जास्त आवडली म्हणे. संध्याकाळी डॉक्टरांकडे नेलं. घाबरू नका, पण आता बंद करा, असं ते म्हणाले. मी देव्हारा तीन पाण्यांनी पुसला. आक्कांना फोन करायचा रोज ठरवलं आणि रोज काही ना काही काम निघालं. खरं तर काम नव्हतं, तोंड नव्हतं.

नवऱ्याला काही कळलं नाही. लेकीने सांगितलं नाही, आक्कांनीही नाही. मी त्या दोघींवर बरेच दिवस लक्ष ठेवून होते, आज सांगतील, उद्या सांगतील म्हणून. जित्याची खोड.

यंदा चंपाषष्ठीच्या आधी आक्का येतात की नाही, याची मला धास्ती होती. आल्या. नेहमीसारख्या दुपारच्या एसटीने, तीच पिशवी काखेत. मी पाणी दिलं, पाया पडले. "आक्का, मागच्या वर्षी..." एवढंच तोंडातून निघालं. त्यांनी हाताने थांबवलं आणि लेकीला म्हणाल्या, "बाळा, वाटीत साबनाचं पानी आन."

"कशाला, आत्या?"

"आन तर."

लेकीने वाटी आणली. आक्का खाली बसल्या. पुरचुंडीची गाठ दातांनी सोडली, मळकट हळदीची चिमूट घेऊन वाटीत टाकली आणि वाटी माझ्यापुढे धरली. पाणी लाल झालं.

"बघितलंस?"

मी म्हणाले, "आक्का, असं नका करू ओ."

"आसूंदे. दुकानदाराला सवय आसती दाखवायची," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच फार लागलं. इतक्या वर्षांत या घरात त्यांनी स्वतःला दुकानदार कधी म्हटलं नव्हतं.

मी दोन्ही हात पुढे केले. आक्कांनी पुरचुंडी पुन्हा घट्ट बांधली, बोटं पदराला पुसली आणि ती माझ्या हातांवरून पलीकडे नेऊन लेकीच्या हातात दिली.