उचलायचे राहिलेले हात

"थांबा जरा," असं म्हणून मावशी आधी दोन्ही हात गिऱ्हाइकाच्या पाठीवर नुसतेच धरायच्या. टेकवायच्या नाहीत. वीतभर वर, हवेत. कुणाची तरी वाट बघितल्यासारखं करायच्या आणि मग एकदम कामाला लागायच्या. मी चेष्टेनं विचारायची, "मावशी, सिग्नल पडला का?" त्या हसायच्या नाहीत. चेष्टेला न हसणारी माणसं मला फारशी आवडत नाहीत, पण मावशींच्या हाताला असा काही गुण होता की तक्रार कुठल्या तोंडानं करणार?

भिंगारला माझं बायकांचं मालिश सेंटर आहे. खाली बाजार, वर आम्ही. मावशी मूळच्या श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या, माझ्याकडं कामाला होत्या. बाळंतिणी, गुडघे धरलेल्या शिक्षिका, फौजींच्या बायका, सगळ्यांना मावशीच हव्या असायच्या. बाकीच्या मुली नुसत्या टॉवेलच्या घड्या घालत बसायच्या.

आता सर्टिफिकेटचं सांगते. आमच्या धंद्यात ते घ्यायलाच पाहिजे असं काही नाही. पुण्यातली एक संस्था देते. हौस असेल त्यानं घ्यावं आणि मुदत संपली की पुन्हा परीक्षा देऊन चालू ठेवावं. माझं कधीच बंद पडलंय, सेंटर काही बंद पडलं नाही. तुम्हीच सांगा, मालिशला आलेली बाई भिंतीवरचा कागद वाचते, की पाठ दुखायची थांबली का ते बघते? पण मुदत सरत आली की मावशी बेचैन व्हायच्या. मी म्हणायची, कशाला उगाच हेलपाटा? त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "हात तपासून घ्यावा ताई मानसानं."

शेवटच्या खेपेला मलाही पुण्यात काम होतं, म्हणून सोबत गेले. परीक्षक बाई स्वतःच टेबलावर पालथ्या झोपल्या, मी दाराबाहेर बसले. मालिश झाली. नखं, टॉवेल, दाब, सगळं उत्तम म्हणून बाईंनी मावशींना पास केलं. निघताना मात्र त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, मदतीला आत कोण आलं होतं? मी म्हटलं, मी दारातच होते, कुणीच गेलं नाही. बाईंनी पुढच्या उमेदवाराला हाक मारली.

परतीच्या गाडीत मावशींचं तोंड एवढंसं झालेलं. "परत पास केलं," म्हणाल्या, नापास झाल्यागत. मी खनपटीलाच बसले, तेव्हा कुठं बोलल्या.

हे काम त्यांना बेलापूरच्या एका म्हातारीनं शिकवलं होतं. म्हातारीची रीत अशी, की शिकणारीनं बाळंतिणीच्या पाठीवर हात ठेवायचे आणि त्या हातांवर म्हातारी आपले हात ठेवायची. कित्येक महिने तसंच चालायचं. पोरगी तयार झाली की एके दिवशी ती आपले हात उचलायची, पोरीकडून नारळ घ्यायची आणि म्हणायची, जा, आता तुझी तू. मावशी त्याआधीच, न सांगता, नोकरीसाठी नगरला निघून आल्या. पुढं म्हातारीनं मरताना निरोप धाडला होता. मावशी शरमेनं गेल्या नाहीत.

"तिनं हात उचललेच न्हाईत, ताई," मावशी म्हणाल्या. "अजून हायेत माझ्या हातावर. रागानं गेलीय ती. एखाद्या बाईच्या मानंवर जोर दिला तिनं, तर? म्हनून जाते परीक्षेला. कुनीतरी सांगावं, बाई, तू थांब आता."

मी भूतबित मानत नाही. पण अंगावर सर्रकन काटा आला, खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, परक्यांना काय विचारता, उद्या मलाच करा मालिश. असेल ते तोंडावर सांगते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेंटर बंद ठेवलं आणि मी पालथी पडले. मावशींचे हात कमरेवर आले. खरखरीत, गरम. त्यांच्या बांगड्या तिथंच, कमरेपाशी वाजत होत्या. आणि मानेवर आणखी दोन हात आले. गार, हाडकुळे. मी ओरडणारच होते. मग लक्षात आलं, ते हात दाबत नव्हतेच. झोपलेल्या लेकराचं पांघरूण सारखं करावं तसे फिरत होते. आई गेल्यापासून मला असा हात कुणी लावला नव्हता. मी उशीत तोंड खुपसून रडले.

उठून मी सांगितलं, "चार हात होते, मावशी."

त्या पांढऱ्याफटक पडल्या. "जोर किती हुता?"

"जोर नव्हताच. माया करत होती म्हातारी. तिला राग नाही तुमचा."

मावशी फरशीवरच बसल्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, तिला घरी नेते, तिच्या दारात नारळ ठेवते, मग उचलील ती हात. मला त्यांना थांबवायचं होतं. असं माणूस पुन्हा मिळत नाही. पण कुठल्या जिवावर थांबवू?

मावशी परत आल्या नाहीत. त्यांना शेवटचं बघितलं ते तारकपूर स्टँडवर, श्रीरामपूरच्या गाडीत. गाडी खच्चून भरलेली. मावशी सीटच्या कडेला बसल्या होत्या, खिडकीची जागा रिकामी सोडून. माणसं दाटीवाटीनं उभी होती, पण तिथं बसायला कुणी येत नव्हतं. मी खाली खिडकीशी उभी होते. कंडक्टर बाई आली तेव्हा मावशींनी पैसे पुढं केले. "दोन बेलापूर."

कंडक्टरनं खिडकीच्या जागेकडं एकदा बघितलं आणि एकच तिकीट काढून दिलं.

"आजींना फुकट हाय," ती म्हणाली आणि पुढच्या सीटकडं गेली.