पोथीखालचा दाखला

नूरुद्दीनचा जन्म दोन वेळा झाला. एकदा १९६० साली, रत्नागिरीच्या खाडीकाठी, माझ्या सासरच्या गावात. दुसऱ्यांदा १९७८ साली, मुंबईत एका एजंटच्या टेबलावर. ओमानच्या अर्बाबला, म्हणजे मालकाला, अठरा वर्षांचं पोरगं नको होतं, जाणता माणूस हवा होता. एजंटनं अर्जावर १ जून १९५५ लिहिलं आणि पोरगं एका दुपारी पाच वर्षांनी मोठं झालं. आमच्या बाजूला निम्म्या गावाचा जन्म कागदावर एक जूनलाच झालेला असतो, त्यामुळं त्या तारखेकडे कुणी वळून बघितलं नाही.

माझे मिस्टर गजेंद्र आणि तो चौथीपर्यंत एका बाकावर. १९९० मध्ये आम्हाला इथला, ओमानचा, व्हिसा मिळाला तो नूरुद्दीननं त्याच्या अर्बाबच्या भावाकडे शब्द टाकला म्हणून. गजेंद्र सोहारच्या औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर झाले. नूरुद्दीन रुस्ताकच्या बाजारात नळ, पाइप आणि रंगाच्या डब्यांच्या दुकानातच राहिला.

पण बातिनाच्या किनारपट्टीत, सोहारपासून रुस्ताकपर्यंत, मराठी माणसावर काही प्रसंग आला की फोन रुस्ताकलाच जायचा. अरबी त्याला घरच्यासारखी. पोलीस ठाण्यात तो, इस्पितळात तो, शवागाराच्या दारात तोच. कोल्हापूरकडचा एक वेल्डर उंचावरून पडून वारला तेव्हा नूरुद्दीननं दोन दिवस दुकान बंद ठेवलं, सगळे कागद केले आणि माझ्याकडे येऊन म्हणाला, "वहिनी, तुळशीची दोन पानं द्या. पेटी बंद करायच्या आत ठेवतो. त्याच्या आईला सांगायला बरं." मी कुंडीतली द्यायला गेले तर म्हणतो, "धुऊन द्या. तुमच्यात धुऊन ठेवतात ना?"

इथं राजकीय पक्ष काढता येत नाही. म्हणून आमचं कागदावर स्नेहमंडळ. गणपती, हळदीकुंकू, संक्रांत. तरी मंडळ कोणत्या पक्षाचं ते सगळ्यांना ठाऊक, आणि वर्षातून एकदा तिकडून पाहुणा आला की गळ्यात पक्षाची उपरणीही यायची. नूरुद्दीन त्या पक्षात शाळकरी वयापासून. गावात सभा असली की सतरंज्या तो घालायचा आणि तोच उचलायचा. सुट्टीवर गेला तरी तालुक्याच्या कार्यालयात त्याला विचारायचे, "आलास काय नूर? जरा खुर्च्या लाव." मंडळाच्या अध्यक्षाला परत गेल्यावर जिल्हा कार्यकारिणीत जागा मिळते, असा पक्षाचा नियम होता. त्याला तेवढंच हवं होतं. एकदा गजेंद्रना म्हणाला होता, "गजा, मरायच्या आधी एकदा त्या सतरंजीवर बसायचंय. उभं राहून कंटाळलो."

२००५ मध्ये त्यानं अध्यक्षपदासाठी नाव दिलं तेव्हा अध्यक्षसाहेब म्हणाले, "नूरभाई, अजून तुम्ही तरुण. अनुभव घ्या." २०१० मध्ये म्हणाले, "माझी काही हरकत नाही हो. पण लोकांना सवय व्हायला हवी. वरचे काय म्हणतील?" काय म्हणतील ते कुणी बोललं नाही. त्यालाही कळलं, आम्हालाही कळलं. मग त्यानं पुढे येऊन अध्यक्षसाहेबांना हार घातला.

२०१५ च्या जुलैत वरून पत्र आलं. आता समितीत सगळ्या समाजांची माणसं दिसली पाहिजेत, तरुण दिसले पाहिजेत, अध्यक्ष साठीच्या आतला हवा. वयासाठी पासपोर्ट किंवा शाळा सोडल्याचा दाखला जोडावा. पत्राबरोबर रकान्यांचा एक तक्ता होता. समाज, वय, फोटो. अध्यक्षसाहेब स्वतः सदुसष्ट वर्षांचे, त्यांची खुर्ची आपोआप रिकामी झाली.

पासपोर्टप्रमाणे नूरुद्दीनला जूनमध्येच साठ पूर्ण झाली होती. त्यानं गावच्या शाळेतून दाखला मागवला. जन्म १९६०. तो घेऊन शुक्रवारी आमच्याकडे आला.

"गजा, हा तू मांड. मीच माझं वय कमी करून सांगायला लागलो तर लोक हसतील. तू माझ्या बाकावरचा. तू म्हणालास की विषय मिटला."

"अरे, एवढं काय त्यात. देतो मी."

तो गेल्यावर गजेंद्रनी कागद माझ्या हातात दिला. "देवाजवळ ठेव, हरवायला नको." मी तो शिवलीलामृताच्या पोथीखाली, लाल कापडात ठेवला.

बैठक आमच्याच घरी ठरली, सतरा ऑगस्टला, श्रावणातल्या पहिल्या सोमवारी. श्रावणी सोमवारी मी उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत मौन पाळते. सासूबाईंकडून आलेलं व्रत आहे, छत्तीस वर्षांत मोडलेलं नाही. सहा वाजल्यापासून माणसं यायला लागली. मी खुणेनं पाणी दिलं, चहा दिला. नूरुद्दीन रुस्ताकहून दीड तास गाडी चालवून आला होता. इस्त्रीचा पांढरा सदरा. माझ्याकडे बघून हसला. "आज वहिनींचा उपवास आणि मौन दोन्ही. म्हणजे चहात साखर कमी असली तरी तक्रार करायची नाही."

सोहारच्या एका कारखान्यातला फिटर तानाजी कोपऱ्यात बसला होता. त्यानं तक्ता हातात घेऊन विचारलं, "साहेब, मला कुठल्या रकान्यात टाकलंय?"

"तानाजीराव, तुम्ही मागासवर्गीय प्रतिनिधी."

"आणि काम काय करायचं?"

"फोटो पाठवा फक्त."

सगळे हसले. तानाजीही हसला, पण तक्ता खाली ठेवताना जरा जोरात ठेवला.

पावणेसातच्या सुमाराला कोपऱ्यावरच्या मशिदीतून अजान झाली. नूरुद्दीन उठला. "पंधरा मिनिटांत आलोच. गजा, तू आहेसच."

दार लागलं. बाहेर अंधारायला लागलं होतं. माझीही दिवेलागणीची वेळ झाली. आमचं देवघर म्हणजे हॉलला लागून, स्वयंपाकघराच्या वाटेतला एक कोनाडा. मी निरांजनात वात घातली.

पाठीमागे अध्यक्षसाहेबांचा आवाज आला. "मंडळी, पत्र स्पष्ट आहे. नूरभाईंना साठ झाली. आपल्या सगळ्यांनाच वाईट वाटतंय. पण तरुणांना वाव द्यायला नको का?"

तानाजी म्हणाला, "शाळेचा दाखला चालतो असं लिहिलंय की पत्रात."

"आहे का कुणाकडे? असेल तर दाखवा."

मी वळून बघितलं. गजेंद्र कपाच्या तळाकडे बघत होते. कप रिकामा होता. मी मघाशीच भरायला घेणार होते.

"गजेंद्र," अध्यक्षसाहेब म्हणाले, "तुमचं वय पंचावन्न ना? मग तुम्हीच सांभाळा. एकमतानं होऊन जाऊ दे."

दिवा लावला की माझं मौन सुटतं. हात जोडायचे, देवाचं नाव घ्यायचं, की मी बोलायला मोकळी. पोथी माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होती. मी वात काढली आणि पुन्हा वळली. तेल थोडं जास्त झालं होतं, ते टिपलं. काडी पेटवली, विझली, दुसरी घेतली. अध्यक्ष होणार होते ते माझे मिस्टर. खोटं कशाला लिहू, मनात आलं की आता गावी गेल्यावर यांनाही कुणी खुर्च्या लावायला सांगणार नाही.

मागे अजून एक रकाना राहिला होता. अल्पसंख्याक. अध्यक्षसाहेबांनी नूरुद्दीनच्या मुलाला, नबीलला, फोन लावला आणि आवाज मोठा केला. नबील मस्कतला नोकरीला, वय चोवीस. जन्म इथला, शाळा इथली.

"अंकल, मला मराठी स्पीच नाही येत."

"भाषण कुणी सांगितलंय? सचिव म्हणून नाव राहील. फोटो पाठव, सूट घातलेला."

"बाबांना विचारलं?"

"बाबा खूश होतील."

तरुण आणि अल्पसंख्याक, एका माणसात दोन रकाने भरले. टाळ्या वाजल्या तेव्हा माझा दिवा लागला होता.

नूरुद्दीन परत आला. कपाळावर पाणी होतं अजून. अध्यक्षसाहेबांनीच सांगितलं, आधी नबीलचं, मग गजेंद्रचं. पोराचं नाव आधी ऐकल्यावर बाप काय बोलणार? तो गजेंद्रकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मी निरांजनासमोर उभी होते, माझं मौन सुटलं होतं हे त्याला माहीत होतं. इतकी वर्षं आमच्याकडे येत होता तो.

"खलास," तो म्हणाला. "बरं झालं. पोरगं तरी लागलं कामाला." आणि त्यानं गजेंद्रना मिठी मारली. तबकातला पेढा घेतला, माझ्या समोर अर्धा मोडला, अर्धा मला दिला. उपवास सोडायला.

त्या दिवशीचं माझ्या रोजनिशीच्या वहीतलं पान आज काढून बघितलं. वर श्री, खाली एकच ओळ: सोमवार, मौन पाळले.

पुढच्या मार्चमध्ये त्याचा व्हिसा संपला. साठ झालेल्या कामगाराचा व्हिसा वाढत नव्हता, आणि सरकारी खिडकीत शाळेचा दाखला कोण बघणार? अडतीस वर्षं झाली होती त्याला इथं. मंडळानं निरोप समारंभ ठेवला नाही, कारण त्याच आठवड्यात तिकडून पाहुणे येणार होते. तो आणि त्याची बायको खुदेजा आमच्याकडे येऊन गेले. गजेंद्र पाहुण्यांना आणायला विमानतळावर गेले होते. खुदेजा आत आली नाही, जिन्यात उभी राहिली. मी बोलावलं तर म्हणाली, "नको शीलाताई. आत आले की बोलावं लागेल."

नूरुद्दीन दारातच म्हणाला, "वहिनी, तो दाखला असेल तर द्या. गावाला लागेल, तिथं तरी खरं वय सांगता येईल."

मी पोथी उचलली. सात महिने तिच्याखाली राहून कागदाच्या कडेला लाल रंग लागला होता, कापराचा वास येत होता. त्यानं नाकाजवळ नेला, घडी घालून खिशात ठेवला.

"देवाजवळ होता," तो म्हणाला. "म्हणून कुणाच्या हाताला लागला नाही."